हद्दीचा दगड आणि हरणाबाई

हरणाबाई कामावर आली त्या पहिल्याच दिवशी तिनं मुकादमाच्या थोबाडीत हाणली. मुकादमानं एका म्हातारीला 'चल गं थेरडे' म्हणत मागून ढकललं होतं आणि ती बिचारी तोंडावर घाणेरीत पडली होती. हरणाबाईनं डोक्यावरची काट्यांची मोळी खाली ठेवली, पदरानं हात पुसला, मारली, आणि मोळी परत डोक्यावर घेतली. मुकादम गाल धरून माझ्याकडं बघायला लागला. मी मिस्त्री, कामावरचा मोठा माणूस, काहीतरी बोलणं भाग होतं. म्हटलं, "काय बाई, ही काय रीत झाली?" ती चालता चालताच म्हणाली, "त्येला इचारा मिस्त्री. त्येला समदं ठावं हाय." त्या दिवसापासून मुकादम कामावरच्या सगळ्या बायकांना आक्का म्हणायला लागला.

ही गोष्ट त्र्याहत्तर सालच्या मे महिन्यातली. दुष्काळाचं तिसरं वर्ष. विहिरींच्या तळाला चिखलसुद्धा राहिला नव्हता, माणसं खडी फोडून आणि तळी खोदून पोट जाळत होती. माझ्याकडं आलेलं काम मात्र वेगळंच होतं. मिरजेकडून येणारी जुनी लहान गाडी बंद होऊन मोठी गाडी सुरू झाली, तेव्हा आमच्या आसदवाडीजवळची ओळ सरकली. जुने रूळ, खालची लाकडं, सगळं उपटून नेलं. उरला तो नुसता भराव आणि त्यावर खडी. दोन-तीन वर्षांत त्या भरावावर वेडी बाभूळ, घाणेरी, घायपात असं काही माजलं की आत शिरलेलं कुत्रं रक्ताळून बाहेर यायचं. ते सगळं तोडायचं, भराव सपाट करायचा, वर मुरूम टाकायचा आणि माळापासून नदीपर्यंत तीन मैलांची वाट करायची. माणसं चालतील, पोरं सायकलीनं शाळेत जातील, जनावरं जातील, मोटारीला बंदी. दोन्ही बाजूंना लिंबाची झाडं लावायची. आमचे इंजिनिअर साहेब मोठे हौशी. मला म्हणाले, "आप्पासो, संध्याकाळी लोक इथं हवा खायला येतील बघा."

मी हे कामावरच्या शंभर-सव्वाशे माणसांना सांगितलं. हरणाबाई म्हणाली, "दोन सालं झाली, हवाच खातोय की आमी. त्येला वाट कशाला पायजे?" हशा पिकला. मग ती उभी राहिली आणि तेवढ्याच सरळपणे म्हणाली, "पर वाट करा मिस्त्री. मला नदीला जायचं हाय."

तिला कशासाठी जायचं होतं ते कामावर सगळ्यांना ठाऊक होतं. हरणाबाई धनगराची. माहेर आटपाडीकडचं, सासर आमच्या माळावरचं. नवरा बिराप्पा त्याच जुन्या रेल्वेच्या ग्यांगमध्ये होता; ओळीकडेचं गवत कापायचा, खडी ओढायचा, हद्दीचे दगड चुन्यानं रंगवायचा. काविळीनं गेला. मूलबाळ नाही. मागं राहिली ती सत्तर मेंढरं आणि कोंडीबा नावाचा दीर, जो हरणाबाई शिंकली तरी दचकायचा. बिराप्पा होता तोवर मेंढरं रुळाच्या कडेनं नदीला जायची. रूळ गेले, बाभळी आल्या, वाट बुजली. दोन्ही अंगांना ऊस, उसाला काटेरी कुंपण. सडकेनं नदीला जायचं तर अकरा मैलांचा वळसा. मेच्या उन्हात तहानलेलं मेंढरू अकरा मैल चालत नाही, वाटेतच बसतं आणि बसलं की उठत नाही. सरकारी टँकर माणसांपुरतं पाणी द्यायचा. हरणाबाई स्वतःच्या वाट्याची घागर मेंढरांच्या तोंडाला लावायची आणि स्वतः ओठ चाटत कामावर यायची.

तर ही वाट तिला पाहिजे होती, आणि लवकर पाहिजे होती. पाऊस पडेपर्यंत तिची मेंढरं टिकणार नव्हती. म्हणून ती जशी तोडायची तसं दुसरं कोणी तोडत नव्हतं.

ते तोडणं म्हणजे काय होतं ते बसल्या जागी कळायचं नाही. बाभळीचा काटा चपलेतून वर यायचा. हात चिरायचे, रात्रीतून सुजायचे, सकाळी मूठ मिटायची नाही. ज्ञानू परीट म्हणून एक चांगला तरणा गडी, वाकवलेली फांदी त्याच्या हातून निसटली आणि डोळाच गेला. मी स्वतः त्याला गाडीत घालून मिरजेला नेला. घायपाताच्या बेटात फुरसं निघायचं, घोणस निघायची. पुरुष माणसं दगड शोधेपर्यंत हरणाबाईनं कोयत्याच्या एका घावात तुकडे केलेले असायचे. एकदा तिच्या डाव्या हाताकडं बघून मी विचारलं, हे वण कसले. कोपरापासून मनगटापर्यंत मांस ओढून शिवल्यासारखं दिसत होतं. "लांडगा," म्हणाली. "त्येनं हात धरला हुता. मी त्येचं नरडं धरलं." पुढं काय झालं ते विचारायची गरज नव्हती, ती समोर उभी होती.

दीर तरी सुटला होता का? कोंडीबा एकदा भीत भीत म्हणाला, वैनी, मेंढरं बाजारात काढू, मरण्यापरीस बरं. तिनं मेंढरं हाकायच्या काठीनं त्याला वस्तीभर पळवला. मग संध्याकाळी त्याच्या पाठीला हळद लावत बसली आणि लावताना शिव्याही देत होती. शालूबाई म्हणून तिची एक मैत्रीण कामावर होती, बारीक चणीची, बोलायला तिखट. ती म्हणायची, "आमच्या हरणीचं पिरेम बी काठीनंच येतं बगा."

अशी आम्ही अडीच मैल वाट काढली. भराव उघडा पडला, खडी उन्हात चमकायला लागली. नदी अर्ध्या मैलावर राहिली. आणि तिथं नाथाजीचा मळा लागला.

नाथाजी पलटणीतून हवालदार होऊन परत आलेला माणूस. उंच, ताठ, मिशीला तेल. बोलायला गोड, पण बोलताना डोळे हलायचे नाहीत. त्याच्या मळ्याशी रेल्वेची ओळ वळण घ्यायची आणि तिथं भराव नव्हता, जमीन सपाट होती. ओळ बंद झाल्यावर नाथाजीनं काय केलं, तर खडी वेचून घराचं जोतं भरलं आणि ओळीच्या जागेवर सरळ नांगर घातला. आता तिथं कमरेएवढा ऊस होता, नदीवरच्या मोटारीवर भिजणारा. आमच्याकडं बांध कोरायची खोड घरोघर आहे, नांगराचा एक तास इकडं, एक तास तिकडं. या पठ्ठ्यानं आख्खी रेल्वे कोरली.

त्याचंही म्हणणं होतं, नाही असं नाही. मला जेवायला बोलावून म्हणाला, "मिस्त्री, ही जमीन माझ्या आज्याची. इंग्रजाच्या टायमाला रेल्वेनं घेतली. आता रेल्वे गेली. मग जमीन कुणाची?" मी भाकरी मोडत राहिलो.

आम्हाला हुकूम असा होता की रेल्वेच्या हद्दीच्या दगडांच्या आत जेवढं आहे तेवढं साफ करायचं, बाहेर हात लावायचा नाही. वळणावर असा एक दगड असायला पाहिजे होता. तो काही दिसेना. दिसला तो म्हसोबा. उसाच्या पलीकडं, अगदी ओढ्याच्या काठावर, घाणेरीच्या गचपणात शेंदरानं माखलेला कमरेएवढा उभा दगड. तीन वर्षांमागं नाथाजीच्या स्वप्नात म्हसोबा आला, मला उघड्यावर का ठेवलंस म्हणाला, दुसऱ्या दिवशी ओढ्याकाठी तो सापडला, आणि नाथाजीनं गावजेवण घातलं. मटणाचं. मीही जेवून आलो होतो.

आता माझ्याकडं नकाशा होता. नकाशात लिहिलं होतं, ओळीखालच्या मोरीच्या कोपऱ्यापासून वळणाचा दगड एकशे वीस फूट. मी फीत धरून मोजलं. एकशे वीस फुटांवर ऊस होता. म्हसोबा होता दोनशे दहा फुटांवर. ओळीच्या पलीकडच्या अंगाचा हद्दीचा दगड ताडून बघितला, दगडाची जाडी बघितली, वरचा घडीव माथा बघितला. दगडाला पाय फुटले होते, दुसरं काही नाही. नाथाजीनं हद्दीचा दगड उपटून ओढ्यावर रोवला आणि वर शेंदूर थापला. मूठभर शेंदूर, की मामलेदारसुद्धा हात लावणार नाही. म्हसोबा हद्द धरली तर ऊस हद्दीबाहेर पडून आमची वाट उसाला वळसा घालून थेट ओढ्याच्या कड्यावर जात होती, वीस फूट खाली. शेळी उतरली नसती तिथनं.

हे मला सोमवारी सकाळी कळलं. सोमवार लक्षात ठेवा.

दुपारी नाथाजी आला. माझ्या हातातल्या फितीकडं त्यानं बघितलं. मग म्हणाला, "मिस्त्री, बिऱ्हाड कुठं हाय तुमचं? सांगलीवाडीला न्हवं? पोरं ल्हान हायती म्हनं." बस, एवढंच म्हणाला. मी फीत गुंडाळली.

कामावरच्या माणसांना मी सांगितलं की देव आडवा आलाय, साहेबांना विचारल्याशिवाय पुढं जाता येत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. देवाला कोण हात लावणार? हरणाबाईनंसुद्धा नाही. उलट तीच म्हणाली, "देवाचं काम हाय, इचारूनच करा. पर लवकर इचारा." आणि तिनं तिथंच चपला काढून म्हसोबाला हात जोडले. तीन वर्षं ती त्याला दर अवसेला तेल वाहत होती. पहिल्या जत्रेला तिनं आपलं सगळ्यात गुबगुबीत कोकरू कापून दिलं होतं, मेंढरं जगू दे म्हणून.

मंगळवारी तिची दोन मेंढरं मेली. तिनं मला विचारलं, "साहेब काय म्हनलं?" मी म्हटलं, साहेब दौऱ्यावर आहेत. बुधवारी चार मेली. मी म्हटलं, निरोप धाडलाय. साहेबांना मी काहीही विचारलं नव्हतं. मी निरोप धाडलाच नव्हता. माझ्या तोंडातून खोटं कसं पाण्यासारखं निघत होतं, आणि तिकडं खरं पाणी अर्ध्या मैलावर वाहत होतं. गुरुवारी सकाळी ती कामावर आली ती खांद्यावर मेलेलं कोकरू टाकून. सगळ्यांच्या देखत माझ्या पायांपुढं टाकलं. त्याची जीभ काळी पडली होती आणि डोळ्यांवर माशा. "ह्ये न्या," म्हणाली. "साहेबाला दावा. म्हनावं, कागुद वाचायला यील न यील, ह्ये तरी वाचंल." तरी मी म्हटलं, "बाई, उद्या नक्की."

लाज वाटत होती का? वाटत होती. पण भीती तिच्यापेक्षा मोठी होती. खरं तेच सांगतो.

शुक्रवारी माणसांना बसवून ठेवणं बरं दिसेना म्हणून मी देवाभोवतीची घाणेरी तेवढी काढायला सांगितलं. कोणी पुढं येईना. हरणाबाई उठली. "मी करती. माझा देव हाय." चपला काढल्या, तापल्या खडीवर अनवाणी गेली आणि बसून हलक्या हातानं झुडपं तोडू लागली. फांदी ओढताना कोयत्याची पाठ दगडाला लागली. तीन वर्षांचा तेल-शेंदराचा थर उन्हानं आधीच तडकला होता. तळहाताएवढा खपला निघून खाली पडला. बायकांनी तोंडाला पदर लावला. कोंडीबा मटकन खाली बसून कानाची पाळी धरून पुटपुटायला लागला.

हरणाबाई मात्र त्या उघड्या पडलेल्या जागेकडं बघत राहिली. तिथं दगडात एक खाच होती, बोटभर खोल, तिरकी, आतून गुळगुळीत. तिनं तिच्यावरून अंगठा फिरवला. मग हातातला कोयता उचलून त्या खाचेत ठेवला. पातं बरोब्बर बसलं. एकदा पुढं ओढलं, एकदा मागं. दगडानं धारेचा आवाज केला.

"ह्यो बिराप्पाचा दगड हाय," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "वळनावरचा. मी भाकरी घिऊन यायची, त्यो हितं बसून कोयत्याला धार लावायचा. बारा वर्सं लावली. चुना बी मीच लावलाय ह्येला." ती उभी राहिली आणि उसाकडं हात करून म्हणाली, "त्यो तितं हुता. हितं कसा आला?"

सगळ्यांनी उसाकडं बघितलं. मी माझ्या पायांकडं.

मग तिला सगळं एकदम कळलं असावं. तिचा चेहरा असा झाला की शालूबाईसुद्धा मागं सरकली. "माझं कोकरू," ती म्हणाली. "त्या भाड्यानं माझ्या नवऱ्याच्या धारंच्या दगडाम्होरं माझं कोकरू कापून खाल्लं." आणि तिनं पहार मागितली. कोणी देईना. तिनं गड्याच्या हातातून हिसकावली, दगडाच्या बुडाला घातली आणि अंगाचा सगळा भार टाकला. मानला तर देव, नाही तर दगड, असं आम्ही सगळेच म्हणतो. पण म्हणणं वेगळं आणि पहार घालणं वेगळं. सव्वाशे माणूस हात बांधून उभं होतं, देव आता कुणाला धरतो ते बघत. दगड हलला, कलला आणि धाडकन आडवा झाला. देवानं कोणाला धरलं नाही. धरलं ते नाथाजीनं.

तो उसातून आला. बरोबर पुतण्या दादासो आणि आणखी दोघं, हातात काठ्या, दादासोच्या हातात ऊसतोडीचा कोयता. नाथाजी म्हणाला, "देवाला हात लावलास, धनगरनी?"

"देव न्हवं ह्यो. तू चोर हाईस."

पहिली काठी तिच्या डोक्यात बसली. रक्त भुवयांवरून खाली आलं. ती पडली नाही. दुसरी काठी खांद्यावर बसली तेव्हा तिनं ती काठीच धरली आणि त्या गड्याला असं ओढलं की तो तोंडावर दगडगोट्यांत आपटला आणि त्याचे ओठ फाटले. नाथाजीनं तिच्या झिंज्या धरल्या, खाली वाकवलं आणि गुडघ्यानं तोंडावर मारलं, एकदा, दोनदा. मी दहा पावलांवर होतो. माझ्या हातात टिकाव होता. टिकाव माझ्या हातातच राहिला. तिनं वाकलेल्या अवस्थेतच पहार आडवी फिरवली, जोर होता नव्हता तेवढा लावून, आणि घाव नाथाजीच्या गुडघ्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज ओल्या लाकडासारखा आला. हवालदार ओरडला नाही, नुसता बसला आणि आपल्या उलट्या वळलेल्या पायाकडं बघत राहिला.

दादासो मग बेभान झाला. कोयता घेऊन तिच्यावर गेला. तिनं डावा हात वर केला, लांडग्यानं चावलेला तोच. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मातीत पडलं. मला अजून डोळ्यांसमोर दिसतं, त्या बोटात पितळेचं वळं होतं. दादासो स्वतःच ते बघून थांबला, पोरगाच होता तसा विशी-बाविशीचा, आणि तेवढ्यात शालूबाईनं मागून घमेलं त्याच्या टाळक्यात हाणलं. चार पौंडांची बाई, पण हाणलं असं की तो आडवा झाला. त्या घमेल्याच्या आवाजानं बाकीचे जागे झाले. बायका आधी सुटल्या. त्यांनी कुंपणाचे काटे नुसत्या हातांनी ओढले. मग गडी सुटले. सव्वाशे कोयते त्या उसात शिरले आणि जिथं ओळ होती तिथून, एकशे वीस फुटांवरून, नदीपर्यंत ऊस आडवा करत गेले. मला मोजून द्यावं लागलं नाही. त्यांना हरणाबाईनं बोटं तुटलेल्या हातानंच दिशा दाखवली होती.

तिनं हाताला लुगड्याचा पदर गुंडाळला, दातांनी गाठ मारली. मी म्हटलं, "बाई, गाडी जुंपतो, दवाखान्यात चला, मराल." ती म्हणाली, "कोंडीबा, मेंढरं आन." कोंडीबा पळाला, त्याला आयुष्यात तेवढं पळता येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. मेंढरं आली, हाडांचे सांगाडे, एकमेकांना टेकत चालणारे. वळणावर आली आणि त्यांना पाण्याचा वास लागला. त्यांनी माना वर केल्या. मग ती सुटली. तोडलेल्या उसाच्या बुडख्यांवरून, नाथाजीला वळसा घालून, सरळ नदीत. हरणाबाई मागून चालत गेली, दोनदा बसली, दोनदा उठली. आम्ही पोचलो तेव्हा ती गुडघाभर पाण्यात उभी होती आणि मेंढरं पीत होती, आणि तिच्या हाताखालचं पाणी लाल होत होतं. फौजदार आला तेव्हा तिनं त्याला एकच सांगितलं, समदी पिऊ देत, मग येती. तो थांबला. बरा माणूस होता.

दवाखान्यात नेताना गाडीत मी तिच्याजवळ बसलो होतो. तिनं डोळे मिटलेले. मला वाटलं शुद्ध हरपली. तेवढ्यात म्हणाली, "मिस्त्री, तुमच्याकडं नकासा हाय न्हवं? तुमाला कळलं न्हाई व्हय, दगूड हालल्याला?"

मी म्हटलं, "न्हाई बाई. आजच कळलं. तुमी सांगितल्यावर."

"मग बरं," ती म्हणाली. "मला वाटलं, तुमाला ठावं हुतं."

कोर्टात मी नकाशा घेऊन गेलो. आता नाथाजीला भ्यायचं कारण नव्हतं, तो कुबडीवर होता आणि सगळ्या तालुक्यात बोंब झाली होती. मी दगडाचं खरं अंतर सांगितलं, वाट ओळीच्या जागेवरूनच जाईल असा निकाल लागला. वकिलानं मला विचारलं, तुम्हाला हे कधी समजलं? मी म्हटलं, मारामारी झाली त्याच दिवशी. आधी समजलं असतं तर हा प्रकार टळला असता का? मी म्हटलं, हो, टळला असता. आरोपीच्या पिंजऱ्यातून हरणाबाईनं मला हात जोडले. नाथाजीचा पाय कायमचा गेला होता, त्यामुळं तिला दीड वर्षाची कैद झाली. दादासोला सहा महिने. तिनं निकाल ऐकून कोंडीबाला सांगितलं, मेंढरं रोज न्यायची, एक दिस चुकलास तर आल्यावर बघती.

वाट झाली. मुरूम पडला, लिंबं लागली, साहेबांनी बसायला दोन सिमेंटचे बाकसुद्धा केले. पाऊस त्या साली बरा झाला. खरंच लोक संध्याकाळी फिरायला यायला लागले. मास्तर लोक, बँकेतले, नव्या सुना. पोरी सायकली चालवत शाळेला जायला लागल्या. रोज सकाळी कोंडीबाची मेंढरं जायची तेव्हा सायकलवाल्या पोरी उतरून बाजूला उभ्या राहायच्या. त्या वाटेची देखभाल माझ्याकडंच दिली होती.

पंचाहत्तरच्या संक्रांतीच्या सुमाराला ती सुटून आली. मी लिंबाच्या आळ्यात पाणी घालत होतो. ती मेंढरांमागून आली, केस पांढरे झालेले, पाठ तशीच ताठ. माझ्याजवळ थांबली आणि काखेतलं नवं घोंगडं माझ्या हातात दिलं. "ह्याच मेंढरांची लोकर हाय," म्हणाली. "कोंडीबाच्या बायकूनं इणलं, मी सांगून धाडलं हुतं. आत बसल्या बसल्या म्हनायची, येक मानूस तरी खरं बोलला. तुमी बोलला म्हून ही वाट हाय."

मी ते घेतलं असतं आणि घरी गेलो असतो तर आजपर्यंत सुखानं झोपलो असतो. पण घोंगडं गरम होतं, तिच्या अंगाच्या उबेनं, आणि ते हातात धरवेना. मी म्हटलं, "हरणाबाई, मला सोमवारीच कळलं होतं."

तिला आधी समजलं नाही. मग मी सगळं सांगितलं. फीत, एकशे वीस फूट, नाथाजीचं बोलणं, साहेबांना न धाडलेला निरोप. माझी पोरं लहान होती हेही सांगितलं. सांगताना मी रडलो, पन्नाशीचा बाप्या, रस्त्यावर. ती ऐकत होती आणि तिचा तीन बोटांचा हात हळूहळू काठीवर घट्ट होत होता. मी डोळे मिटून घेतले. म्हटलं, मारू दे. ज्या बाईनं मुकादमाला सोडलं नाही, लांडग्याला सोडलं नाही, ती मला सोडणार नव्हती, आणि मला तेच पाहिजे होतं.

काठी बसली नाही. डोळे उघडले तर ती मेंढरांकडं बघत होती.

"सोमवार ते शुक्रवार," ती म्हणाली. "अकरा मेली. माझी बोटं ऱ्हाऊ द्या, त्या नाथाजीचा पाय बी ऱ्हाऊ द्या. पर ती अकरा माझ्या हाताला तोंड लावून मेली, मिस्त्री. पानी हाय का बगत हुती."

तिनं माझ्या हातातलं घोंगडं काढून घेतलं, झटकलं, खांद्यावर टाकलं आणि मेंढरांमागं नदीकडं गेली. त्याला आता चार वर्षं होतील. ती त्या वाटेनं रोज जाते, मीही रोज तिथंच असतो. मेंढरं माझ्याजवळून जातात आणि ती माझ्याकडं बघत नाही.

तिनं मारायला पाहिजे होतं.